ढकलता येतं, ओढता येत नाही

‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ लोलो’ या व्हिडिओ गेमबद्दल खेळाडूंमध्ये जुना वाद आहे. काहींच्या मते निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्रावर इतका प्रामाणिक कोडेखेळ दुसरा नाही. इतरांची तक्रार अशी की उत्तर डोक्यात तयार असताना केवळ बोट अर्धा क्षण उशिरा पडलं म्हणून सगळी खोली (खेळाचा एक टप्पा) पुन्हा मांडावी लागत असेल, तर त्याला कोडं का म्हणायचं? मला दोन्ही बाजू पटतात, कारण हा खेळ मुळात दोन घराण्यांचा आहे.

पहिलं घराणं ‘सोकोबान’चं. हिरोयुकी इमाबायाशी यांनी 1981 मध्ये तो रचला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या थिंकिंग रॅबिट या कंपनीने तो जपानमध्ये बाजारात आणला. नावाचा अर्थ गोदामाचा राखणदार. एक माणूस, काही पेट्या, तेवढ्याच ठरलेल्या जागा. पेटी एका वेळी एकच ढकलायची, आणि ओढायची सोयच नाही. साऱ्या यातना या एका नियमातून येतात: पेटी कोपऱ्यात गेली की मेली, आणि ती मेल्याचं पुष्कळदा तीस चाली उलटल्यावर कळतं. जोसेफ कल्बरसन यांनी 1997 मध्ये सिद्ध केलं की हा खेळ ‘पीस्पेस-कम्प्लीट’ आहे, म्हणजे संगणकशास्त्रातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या रांगेतला. ज्यांनी त्यावर रात्री घालवल्या त्यांना हे वेगळं सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. पण सोकोबानमध्ये घाई कधीच नसते. तुम्ही थांबलात की सारं जग थांबतं.

दुसरं घराणं चपळाईचं, शत्रू हलत असताना वाट काढण्याचं. हॅल लॅबोरेटरी या जपानी कंपनीने 1985 मध्ये एमएसएक्स या घरगुती संगणकांसाठी ‘एगरलँड’ मालिका सुरू केली (लोलोचा आपला खेळ याच मालिकेतला), तेव्हा या दोन घराण्यांची सोयरीक झाली. लोलो हा निळा गोलमटोल नायक, लाला त्याची सखी, आणि तिला पळवणारा राजा एगर. कथा एवढीच, तिच्यासाठी कुणी हा खेळ खेळत नाही.

खरी गंमत खोलीत असते. सगळी हृदयं गोळा केली की पेटारा उघडतो, त्यातलं रत्न घेतलं की शत्रू नाहीसे होतात आणि दार मोकळं होतं. मध्ये असते मेडुसा, जिच्या सरळ रेषेत आलात की संपलात; तिची नजर अडवायला हिरवा ठोकळा मध्ये सरकवावा लागतो. गोल हा प्राणी शेवटचं हृदय उचलेपर्यंत झोपलेला असतो आणि मग आग ओकू लागतो. लीपर तुम्हाला शिवला की तिथेच झोपतो, म्हणून त्याला कुठे झोपवायचं हेसुद्धा कोडंच. काही हृदयांतून गोळ्या मिळतात. त्या झाडून शत्रूचं अंडं करायचं, ते ढकलायचं, नाहीतर पाण्यात लोटून त्याचा थोड्या वेळापुरता तराफा करायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे लोलो अर्ध्या घराच्या (पटावरच्या चौकोनाच्या) पावलाने चालतो. ठोकळा अर्ध्या घरावर अडवून ठेवणं ही चूकही ठरते आणि युक्तीही. नवख्यांचा सगळ्यात जास्त वैताग इथेच होतो, आणि मुरलेल्यांना नेमकं हेच आवडतं.

अमेरिकेत हा खेळ 1989 मध्ये आला, दहा मजले आणि प्रत्येकी पाच खोल्या घेऊन. पुढचे दोन भाग 1990 आणि 1991 चे. चाल मागे घ्यायची सोय कुठेच नव्हती. खोली बिघडली की सिलेक्टचं बटण दाबून लोलोला स्वतःच मारायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. प्रगती जपायला पासवर्ड. म्हणूनच त्या काळच्या खेळाडूंना ही शिक्षा न वाटता रीत वाटायची. खोली आधी नुसती न्याहाळायची, बोट नंतर हलवायचं, ही सवय त्यातूनच लागली.

नंतरच्या पिढीचं मत घडलं ते वेगळ्या खेळांवर. स्टीफन लॅव्हेल यांचा ‘स्टीफन्स सॉसेज रोल’ 2016 चा, आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ 2019 चा. दोन्हींत ठोकळे ढकलणंच आहे, पण तुम्ही हललात तरच जग हलतं आणि हवी तितकी पावलं मागे जाता येतं. तिथून लोलोकडे वळलेल्याला मेडुसा कोडं न वाटता सापळा वाटली, तर त्याचा दोष नाही.

याच वेळेला जुन्या खेळालाही मागे जाण्याची सोय मिळाली. डिसेंबर 2018 मध्ये लोलो निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन संग्रहात आला आणि 2019 मध्ये त्या संग्रहाला रिवाइंड जोडलं गेलं. आता वाद त्यावर आहे: रिवाइंड वापरून पन्नासावी खोली सोडवली, तर ती सोडवली म्हणायची का? माझं उत्तर हो. मात्र शत्रू हलत असताना अंड्याचा तराफा गाठण्याची धडपड ज्याने रिवाइंडविना केली आहे, तो हे कबूल करायचा नाही.