महारथी बसतो चरणाच्या शेवटी

घरच्या व्हॉट्सॲप गटावर परवा पुन्हा महाभारतातल्या योद्ध्यांच्या श्रेणींचा तो तक्ता आला. रथी ५,००० योद्ध्यांना भारी, अतिरथी त्याच्या बारापट, महारथी त्याच्याही बारापट आणि अतिमहारथी आणखी बारापट. म्हणजे हा शेवटचा गडी एकटा ८६,४०,००० जणांना पुरून उरणार. पण एका अक्षौहिणीत रथ, हत्ती, घोडे आणि पायदळ मिळून २,१८,७००. कुरुक्षेत्रावरच्या अठरा अक्षौहिणींची बेरीज ३९,३६,६००. कौरव-पांडव दोघेही मिळून अंगावर गेले तरी याला निम्मंही काम नाही! ‘पूर्वजांचं गणित’ पुढे ढकलण्याआधी निदान गुणाकार करून बघावा. शिवाय गीतेच्या टीकांमध्ये येणाऱ्या श्लोकात महारथ दहा हजार धनुर्धरांशी लढणारा आणि अतिरथ अगणितांशी. म्हणजे क्रमच उलटा.

मग ‘महारथ’, म्हणजे आपला महारथी, हा शब्द मुळात वापरलाय कसा? लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेने १,२५९ हस्तलिखितं हाताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पाठभेद ताडून ठरवलेली संहिता, काढली. ते काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. तो मजकूर आता संगणकावर शोधता येतो. पण तेवढंही नको, घरातली गीता उघडा. ‘द्रुपदश्च महारथः’, ‘सर्व एव महारथाः’, ‘शिखण्डी च महारथः’, ‘मंस्यन्ते त्वां महारथाः’. चारही वेळा शब्द चरणाच्या शेवटी.

इथे शाळेतले लघु-गुरू आठवा. हे श्लोक अनुष्टुभ वृत्तातले, आणि अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरं. सम (दुसऱ्या-चौथ्या) चरणाची शेवटची चार लघु-गुरू-लघु-गुरू अशीच लागतात, आणि म-हा-र-थः नेमका तसाच आहे. युधिष्ठिरः, वृकोदरः, धनंजयः हेही त्याच मापाचे. विषम चरणाचा शेवट मात्र बहुधा लघु-गुरू-गुरू असा जातो आणि आठवं अक्षर कसंही चालतं. तिथे महारथ अडतो, महेष्वास (थोर धनुर्धर) बसतो. ‘काश्यश्च परमेष्वासः शिखण्डी च महारथः’ या ओळीत काशिराज थोर धनुर्धर आणि शिखंडी महारथी का? पराक्रमातल्या फरकापेक्षा जागेचा हिशेब इथे मोठा असावा. तोंडी रचणाऱ्या कवीला असे तयार तुकडे हाताशी लागतात. ग्रीक महाकवी होमरच्या योद्ध्यांची विशेषणं अशीच वृत्तानुसार बदलतात, हे मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली दाखवलं.

शब्द अगदीच पोकळ आहे असं मात्र नाही. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांची मोजदाद करतात तेव्हा ‘रथ’ हे खरंच एकक होतं. शकुनी एक रथ, जयद्रथ दुप्पट, भीम आठपट. अश्वत्थाम्याला जीव फार प्यारा, म्हणून तो ना रथ ना अतिरथ. म्हणजे मोजमापात धनुर्विद्येबरोबर स्वभावही धरलेला आहे. कर्णाला ते अर्धरथ ठरवतात, द्रोण दुजोरा देतात, आणि भीष्म जिवंत असेपर्यंत लढणार नाही असं सांगून कर्ण मोकळा होतो.