सांव लोरेन्सु चर्च, आल्मान्सिल

दक्षिण पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतातील, फारूच्या पश्चिमेस लोले नगरपालिकेच्या हद्दीत असलेले रोमन कॅथलिक चर्च. बाहेरून चुन्याने पांढरे केलेले हे लहानसे ग्रामीण देवालय आतून निळ्या-पांढऱ्या चित्रित टाइलनी (आझुलेझु) मढवलेले आहे. भिंती, कमानी छत व वेदीकक्षावरील घुमट यांपैकी काहीच त्यातून सुटलेले नाही. वास्तू एकदालनी असून टाइलकामाच्या काही काळ आधी उभी राहिलेली असावी. दुष्काळात विहीर खणताना ग्रामस्थांनी संत लॉरेन्सला (पोर्तुगीज : सांव लोरेन्सु) नवस केला व पाणी लागले, अशी तिच्याविषयीची आख्यायिका आहे.

टाइलवर पोलिकार्पु द ऑलिव्हेइरा बेर्नार्दिश (१६९५–१७७८) या लिस्बनच्या चित्रकाराची सही व १७३० हे वर्ष आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने चर्चचे खरे महत्त्व या सहीत आहे. पोलिकार्पुचा पिता आंतोनियु (१६६२–१७३२) याच्या चित्रशाळेतून बाहेर पडलेले बरेचसे काम निनावी आहे. एव्हरा येथील लॉयुश चर्चमध्ये आंतोनियुची १७११ ची सही सापडते. पोलिकार्पुची सेतुबलच्या सांव फिलिप किल्ल्यातील प्रार्थनागृहात (१७३६) आहे. या सह्यांच्या दरम्यानचे निनावी काम कोणत्या हाताचे, यावर मतभेद आहेत. जुन्या लेखनात चांगले ते पित्याकडे व ढोबळ ते पुत्राकडे देण्याची प्रवृत्ती दिसते. आल्मान्सिलचे काम पित्याच्या हयातीतले, तरी पुत्राच्या सहीचे आणि पूर्ण वास्तूभर पसरलेले असल्याने ती वाटणी सहज मान्य करता येत नाही. दोघांसोबत साहाय्यक राबत असत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

निळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचा उगमही वादग्रस्त आहे. चिनी पोर्सेलीनचा प्रभाव बहुतेक सर्व जण मानतात. मात्र भव्य कथाचित्रांची प्रेरणा सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडहून आयात झालेल्या टाइलमधून आली, की गाब्रिएल देल बार्कु या स्पेनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने ती लिस्बनमध्येच घडवली, याविषयी एकमत नाही. डच माल तांत्रिकदृष्ट्या सफाईदार होता. परंतु सबंध वास्तू चित्रांनी व्यापण्याची पद्धत पोर्तुगालमध्ये त्याआधीच्या बहुरंगी नक्षीकामातही दिसते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भाजलेल्या मातीच्या सुमारे १४ सेंमी. चौरस टाइलवर कथिलयुक्त पांढऱ्या झिलईचा थर देत. टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून खाका उमटवीत, त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवीत व पुन्हा भट्टीत भाजत. कच्ची झिलई रंग तत्काळ शोषून घेत असल्याने खाडाखोडीला फारसा वाव नसे, आणि निळ्याची खरी छटा भाजणीनंतरच कळे. मांडणीसाठी टाइलच्या पाठीवर अक्षरे व आकडे घालीत. घुमटाची अडचण निराळी होती. सपाट टाइल वक्र पृष्ठभागावर बसवून त्यावर आभासी वास्तुरचना रंगवायची, तर खालून पाहणाऱ्याच्या नजरेचा हिशेब आधीच करावा लागे. आल्मान्सिलमध्ये हा हिशेब चांगला साधला आहे.

चित्रविषय संत लॉरेन्सच्या चरित्रातील आहेत : आंधळ्यांना दृष्टी देणे, गरिबांना द्रव्य वाटणे, पोप दुसरे सिक्स्टस यांच्याशी भेट, आणि इ. स. २५८ मधील, तापलेल्या लोखंडी जाळीवरील हौतात्म्य.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने आल्गार्व्हची मोठी हानी केली, पण येथील टाइलपैकी केवळ पाच निखळल्या, असे सांगतात. वेदीवरील सोनेरी मुलाम्याचे लाकडी कोरीवकाम फारूच्या मानुएल मार्तिन्श याच्याशी जोडले जाते.

पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामधील झॉर्झि कोलासु या पोर्तुगीज चित्रकाराची टाइलचित्रे (१९३५) या परंपरेच्या विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाची आहेत; बेर्नार्दिशच्या शैलीशी त्यांची तुलना जपूनच करावी.