श्रोता-अभिप्राय, रेडिओ कथामालेवरील (नाशिक परिसर)

श्रोता-अभिप्राय : रेडिओवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या कथाकथनाच्या किंवा क्रमशः वाचनाच्या कार्यक्रमाविषयी ऐकणाऱ्याने केंद्राला कळवलेले मत. पोस्टकार्ड, दूरध्वनी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर किंवा बोललेला निरोप, श्रोता मेळाव्यात उभे राहून केलेली तक्रार, हे सगळे यात येते. फर्माईश आणि अभिप्राय एक नव्हेत. फर्माईश करणाऱ्याला बहुधा स्वतःचे नाव ऐकायचे असते, तर अभिप्राय देणाऱ्याला आपले ऐकले गेले की नाही हे पाहायचे असते. केंद्रात बसून ही पत्रे वाचणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ‘कथा आवडली नाही’ असे लिहून आलेले पत्र पुष्कळदा कथेबद्दल नसतेच. ते आवाजाबद्दल, वेळेबद्दल किंवा खरखरीबद्दल असते.

पूर्वपीठिका

ऐकणाऱ्यांचे मत पद्धतशीर गोळा करण्याचा मोठा प्रयोग या भागाने फार पूर्वी पाहिला आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने गावोगावी श्रोतामंडळे चालवली. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत नाशिक होता. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे उरलेले चार. सुमारे १५० गावांत आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका व मते केंद्राकडे पाठवायची, अशी रीत होती. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले आणि मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. विषय शेतीचा आणि गावकारभाराचा होता, कथेचा नव्हता. पण ‘आधी ऐका, मग बोला, मग लिहून कळवा’ ही शिस्त पुढच्या श्रोता मेळाव्यांत आणि पत्रोत्तरांच्या कार्यक्रमांत दिसते, तिचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

करमणुकीच्या बाजूला श्रोत्यांच्या जिव्हाळ्याची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ ५६ गीतांत रामकथा सांगणारे होते. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकांमधले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, आणि लोक त्यांना त्या नावानेच ओळखत. पात्र आणि माणूस एक होणे ही दीर्घ मालिकेची कमाई खरी, पण पुढे निवेदक बदलण्याची वेळ आली की हीच कमाई डोकेदुखी ठरते. त्याबद्दल खाली येईल.

कोण, कुठे, कशावर ऐकतो

नाशिकमध्ये आकाशवाणीचे एफएम केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे, खासगी वाहिन्या आहेत, आणि ९०.८ वर रेडिओ विश्वास हे सामुदायिक केंद्र आहे. सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॅटची मर्यादा असते, त्यामुळे खात्रीचा टप्पा दहा-बारा किलोमीटरचा. पंचवटी, सातपूर, सिडको या टप्प्यात येतात. त्यापलीकडून पत्र आले तर ते मोबाईल अ‍ॅपवर ऐकून लिहिलेले असण्याची शक्यता जास्त, आणि हे आधी तपासावे.

एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. अंजनेरी-त्र्यंबकच्या रांगेमागे किंवा कसारा घाटाच्या बाजूला तोच कार्यक्रम वेगळा ऐकू येतो. डोंगरावरून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळली की सर्वांत आधी ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे फाटतात. मग पत्र येते : ‘निवेदिका फुसफुसतात, बदला.’ निवेदिकेचा काही दोष नसतो. संच हातभर सरकवणे, एरियल आडवी-उभी करून पाहणे आणि स्टीरिओ बंद करून मोनो लावणे, या तीन उपायांनी यातली पुष्कळ पत्रे मिटतात. मोबाईलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायरच एरियलचे काम करते, म्हणून ती गुंडाळून खिशात ठेवणाऱ्याला खरखरच ऐकू येणार. मध्यम लहरींवर (पुणे ७९२, जळगाव ९६३ किलोहर्ट्झ) त्रास निराळा. सूर्य मावळला की लांबची केंद्रे येऊन मिसळतात आणि घरातले स्वस्त एलईडी दिवे व इन्व्हर्टर भुणभुण घालतात.

ऐकण्याची जागाही मत घडवते. येवल्यात हातमागावर बसलेला विणकर हाताने काम करता करता गोष्ट ऐकू शकतो. मालेगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ते जमत नाही. तिथे शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून मालेगावातून शुक्रवारच्या भागावर आलेला अभिप्राय निवांत ऐकून दिलेला समजायला हरकत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या बदलत्या असतात. तिथला कामगार आठवडाभर नियमित ऐकतो आणि पुढच्या आठवड्यात गायब होतो; त्याचा अर्थ ‘श्रोता तुटला’ असा लावू नये. द्राक्षपट्ट्यात, म्हणजे निफाड-दिंडोरीकडे, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू असताना कोणी पत्र लिहील ही अपेक्षाच ठेवू नये. ऐकणे मात्र तेव्हा कमी होत नाही, कारण बागेत संच चालूच असतो.

तक्रारी आणि त्यांची कारणे

‘मागच्या भागाची उजळणीच फार.’ ही सर्वांत जुनी तक्रार, आणि हिच्यामागे साधे गणित आहे. १५ मिनिटांच्या भागात सुरुवातीची धून, उद्घोषणा, उजळणी आणि शेवटचा निरोप वजा जाता कथेला १२ ते १३ मिनिटे उरतात. ऐकायला सुखद मराठी वाचन मिनिटाला १०० ते ११० शब्दांचे असते, म्हणजे एका भागात सुमारे १,३५० शब्द मावतात. तीनशे पानांची, पानाला अडीचशे शब्दांची कादंबरी धरली तर सुमारे ५६ भाग होतात. आठवड्याला एक भाग असेल तर वर्ष उलटते. सोमवार ते शुक्रवार असेल तर सुमारे अकरा आठवडे. साप्ताहिक भागाला मिनिटभराची उजळणी लागतेच, रोजच्याला वीस सेकंद पुरतात. साप्ताहिक कार्यक्रम रोजचा झाला आणि उजळणी तेवढीच राहिली की पत्रे सुरू होतात. अ‍ॅपवर चार भाग सलग ऐकणाऱ्याला तर कुठलीही उजळणी नको असते. म्हणून अपलोड करताना ती काप देऊन काढावी आणि प्रक्षेपणाच्या ध्वनिमुद्रणात ठेवावी.

‘संगीतात आवाज बुडतो.’ स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर सगळे छान वाटते. घरी स्वयंपाकघरात, पंख्याखाली, शेजारी कुकरची शिट्टी, आणि संचाचा स्पीकर दोन इंचांचा. पार्श्वसंगीत निवेदनापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली असावे, आणि बासरी किंवा सारंगी निवेदकाच्याच पट्टीत वाजत असेल तर त्याहून खाली. प्रसारणाआधी तो भाग एकदा साध्या ट्रान्झिस्टरवर, पंखा लावून ऐकावा. तज्ज्ञ समितीपेक्षा हा ट्रान्झिस्टर जास्त कामाचा.

‘उच्चार नीट करा.’ असे लिहिणारे थोडे, पण ते चुकत नाहीत. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यांतला ज एक नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एक नाही. लिपीत फरक दिसत नाही म्हणून नवखा वाचक फसतो, तेव्हा संहितेत अशा शब्दांवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. बोलीबद्दलची नाराजी याहून खोल असते. बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली आहे. कथेतला बागलाणचा शेतकरी ‘शे’ (आहे) न म्हणता ‘हाय’ म्हणू लागला, ‘डोया’ऐवजी ‘डोळा’ म्हणू लागला, की तिकडचा श्रोता संच बंद करतो. नाटकी ‘गावरान’ ही कुठल्याच गावची बोली नव्हे. अशा वेळी बोली येत नसेल तर प्रमाण मराठीत वाचावे. अर्धवट नक्कल केलेली कोणाला खपत नाही.

‘नेहमी जुन्याच कथा का?’ याचे उत्तर कायद्यात आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मधले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून खुले झाले. हयात लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आणि मानधन लहान केंद्राला दरवेळी जमत नाही. शिवाय प्रसारणाची परवानगी वेगळी, अ‍ॅपवर कायम ठेवण्याची वेगळी, आणि खुल्या लेखनाच्या अनुवादाचा हक्क अनुवादकाचा. हे पत्रोत्तरात एकदा नीट सांगितले की तक्रार पुष्कळ ओसरते. सांगत नाहीत म्हणून ती वर्षानुवर्षे येत राहते.

‘तिला मारू नका.’ कथेतल्या पात्राच्या बाजूने केलेली ही विनंती. छापील कादंबरीचे वाचन असेल तर काही करता येत नाही, आणि तसे स्पष्ट कळवावे. केंद्राने स्वतः लिहून घेतलेली मालिका असेल तर लेखकाला पत्रे दाखवावीत, पण पाच-सहा भाग लिहून झाल्यावर. दर आठवड्याला दाखवली तर कथा श्रोत्यांच्या इच्छेने भरकटते आणि पुढे तेच श्रोते ‘रटाळ झाली’ म्हणतात.

निवेदक बदलणे हा सगळ्यात मोठा आघात. पहिल्या पंधरवड्यातली पत्रे नव्या आवाजाबद्दल काहीच सांगत नाहीत. ती जुन्या आवाजाच्या आठवणीची असतात. सहा ते आठ आठवड्यांनंतरचीच मते मोजावीत. कथा अर्ध्यावर असताना आवाज बदलू नये. बदलावाच लागला तर जुन्या निवेदकाने नव्याचे नाव स्वतःच्या तोंडून सांगावे. तेवढ्याने निम्मा राग उतरतो.

नोंद कशी ठेवावी

पत्र आले की त्यावर पोचल्याची तारीख टाकावी. नोंदवहीत प्रसारणाची तारीख, भाग क्रमांक, गाव आणि तालुका, ऐकण्याचे साधन (ट्रान्झिस्टर, मोबाईल एफएम, अ‍ॅप, गाडीतला संच), वेळेवर ऐकले की नंतर, आणि मत असे रकाने असावेत. मताच्या रकान्यात कथा, आवाज, ध्वनी, वेळ आणि भाषा यांपैकी एकच खूण करायची. दोन कराव्याशा वाटल्या तर पत्रात आधी जे आले आहे त्यावर करावी. साधनाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय सगळीकडे आहे, आणि पुढचे सगळे गोंधळ तिथूनच निघतात.

भाग दोन ते चार आठवडे आधी ध्वनिमुद्रित झालेले असतात, जिल्ह्यातले पोस्टकार्ड पोचायला काही दिवस जातात. म्हणजे आज आलेल्या पत्राचा परिणाम महिनाभराने ऐकू येणार. हे श्रोत्याला माहीत नसते, आणि ‘सांगूनही फरक नाही’ असे दुसरे, चिडलेले पत्र येते. पहिल्या पत्राच्या उत्तरात बदल कुठल्या भागापासून दिसेल ते सांगून टाकावे.

फसगती

पत्रे मोजू नयेत, माणसे मोजावीत. प्रत्येक केंद्राला काही सराईत पत्रलेखक असतात. ते मुंबई, पुणे, जळगाव सगळीकडे लिहितात, ‘स.न.वि.वि., पत्र लिहिण्यास कारण की’पासून ‘कार्यक्रम उत्तरोत्तर रंगत आहे’पर्यंत मजकूर ठरलेला. एकाच हाताची बारा कार्डे म्हणजे एक श्रोता. त्यांचा अनादर करू नये, कारण कार्यक्रम बंद पडताना आवाज उठवणारे तेच असतात, पण त्यांच्यावरून वेळ बदलू नये.

दुसरी फसगत केंद्र स्वतः ओढवून घेते. पत्रोत्तरात फक्त कौतुकाची पत्रे वाचली की श्रोते समजतात, असेच लिहिले तर नाव येते. दोन-तीन महिन्यांत तक्रारी थांबतात आणि केंद्राला वाटते, सगळे छान चालले आहे. म्हणून प्रत्येक पत्रोत्तरात निदान एक नापसंतीचे पत्र पूर्ण वाचावे, मधले कडू वाक्य न गाळता. व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक भानगड असते : एका गटात फिरलेला तयार मजकूर दहा क्रमांकांवरून जसाच्या तसा येतो. बोललेला निरोप मागवला तर ही अडचण बरीच कमी होते, आणि मागे संच कुठे चालू आहे, घरात की दुकानात, तेही ऐकू येते.

बड्या शहरांत श्रोत्यांच्या डायऱ्यांवरून मोजणी करणारी यंत्रणा २००७ पासून काही वर्षे चालली, पण ती दिल्ली, मुंबई, बंगळुरू, कोलकाता एवढ्यापुरती. नाशिकसारख्या शहरात प्रत्यक्ष चाचणी हाच उपाय उरतो. सर्वांत खात्रीची चाचणी जरा क्रूर आहे. क्रिकेटच्या समालोचनामुळे किंवा वीज गेल्यामुळे भाग चुकला, तर त्या दिवशी केंद्रात किती दूरध्वनी येतात ते मोजावे. एकही आला नाही तर कौतुकाच्या पत्रांचा गठ्ठा कितीही जाड असो, त्याचा उपयोग नाही.

जपणूक

पोस्टकार्डे रबरबँडने बांधून ठेवली की दोन उन्हाळ्यांत रबर वितळून कार्डांना चिकटते. सुती दोऱ्याने बांधावीत. कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा उघडून वारा द्यावा, उन्हात मात्र ठेवू नयेत, बॉलपेनची शाई उडते. प्रसारणाची तारीख कार्डाच्या कडेला पेन्सिलीने लिहावी. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप दर महिन्याला संगणकावर उतरवून भाग क्रमांकाच्या नावाने ठेवावेत. केंद्राचा मोबाईल बदलला, सांभाळणारी व्यक्ती बदलली, की वर्षा-दोन वर्षांचे अभिप्राय एका दिवसात जातात, आणि पोस्टकार्डांसारखे ते माळ्यावर पुन्हा सापडत नाहीत.