रक्तदाबमापन, घरगुती

उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीने दवाखान्याबाहेर, स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने केलेले रक्तदाबाचे मोजमाप. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवणे, चालणे, वजन व औषधे या नित्याच्या उपायांचा गुण येतो की नाही, हे त्यावरून कळते.

दंडावर फुगवायचा पट्टा स्चिप्योने रीवा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये मांडला, असे सामान्यतः मानतात. लिओनार्ड हिल व हॅरॉल्ड बर्नार्ड यांनी १८९७ मध्ये असाच पट्टा वर्णिला. तो त्यांना स्वतंत्रपणे सुचला असावा, तरी अग्रमान रीवा-रोत्ची यांना देणेच रास्त दिसते. त्यांचा पट्टा मात्र जेमतेम ५ सेंमी. रुंद होता आणि अरुंद पट्टा आकडा चढा दाखवतो. फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये पट्टा रुंद करून हा दोष बराचसा घालवला.

नाडी चाचपून फक्त वरचा (आकुंचनी) दाब मिळे. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालच्या रोहिणीतील आवाज स्टेथोस्कोपने ऐकून खालचा (प्रसरणी) दाबही ठरवला. आवाज दबतो तो क्षण (चौथी अवस्था) धरावा की पूर्ण बंद होतो तो (पाचवी), यावर पुढे बराच काळ एकमत नव्हते. आता पाचवी अवस्था ग्राह्य धरतात. ज्यांचा आवाज शून्यापर्यंत ऐकू येतो, त्यांच्यात चौथीचाच आधार घ्यावा लागतो.

घरगुती स्वयंचलित यंत्राला हा वाद लागू पडत नाही, कारण ते आवाज ऐकतच नाही. पट्ट्यातील हवेच्या आंदोलनांवरून ते माध्य दाब पकडते; वरचा व खालचा आकडा उत्पादकाच्या, बहुधा गुप्त, सूत्राने काढते. म्हणून एकाच दंडावर दोन यंत्रांचे आकडे जुळतीलच असे नाही. नाडी अनियमित असल्यास भरवसा आणखी कमी होतो.

घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा कमी येतात, हे एमन व गोल्डशाइन यांनी १९४० मध्येच दाखवले होते. त्यामुळे दवाखान्यात १४०/९० मिमी. पारा ही मर्यादा मानणारे घरी १३५/८५ मानतात. अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शिकेने दोन्हीकडे १३०/८० ही मर्यादा घेतली.

मापनापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व धूम्रपान टाळावे आणि लघवी करून यावे. पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पायांची आढी घालू नये, बोलू नये. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा. तो १० सेंमी. खाली राहिला तर आकडा सुमारे ७ ते ८ मिमी.ने वाढतो. सकाळी औषधापूर्वी व संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजून पहिला दिवस वगळून सरासरी काढण्याची पद्धत रूढ आहे. वहीत १४३ आले तर १४३ च लिहावे; १४० लिहिण्याची सवय डॉक्टरांनाही असते. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोबडी वळणे अशी लक्षणे दिसल्यास दुसऱ्या मापनासाठी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे.

मनगटावरची यंत्रे हाताच्या स्थितीला फार संवेदनशील असल्याने दंडाचा पट्टा बसत असेल, तर ती वापरत नाहीत.