किरणोत्सारी पान्हा धुवायचा कसा?

अणुवीज केंद्रात पंप दुरुस्तीला आत नेलेला पान्हा काम झालं की सरळ बाहेर आणता येत नाही, आधी त्याची तपासणी होते. छोटा गोल फिल्टर पेपर पृष्ठभागावर फिरवतात, साधारण 100 चौरस सेंटीमीटर भागावर, आणि तो पेपर किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवतात. पेपरवर काउंट आले तर सुटी धूळ आहे, ओल्या कापडाने निघते, फक्त एकाच दिशेने पुसायचं आणि दर वेळी कापडाची नवी घडी घ्यायची, नाहीतर तीच घाण परत पसरते. पण पेपर कोरा आणि मीटर पान्ह्याजवळ नेला की टकटक चालूच, मग समजायचं की ती धातूला चिकटून बसलीय.

बहुतेक वेळा पान्हा स्वतः किरणोत्सारी झालेला नसतो बरं का, त्याच्यावरची घाण असते. आणि त्यात मोठा त्रास कोबाल्ट-60 चा. व्हॉल्व्हच्या कडक मिश्रधातूतला कोबाल्ट किंचित झिजून पाण्यात जातो, फिरत फिरत रिअॅक्टरच्या गाभ्यात पोचतो, तिथे न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी होतो आणि पाइप, पंप, जिथे जागा मिळेल तिथे ऑक्साइडच्या थरात जाऊन बसतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास, म्हणजे ठेवून देऊन वाट बघणंही परवडत नाही.

हा थर काढायला नुसतं अॅसिड पुरत नाही, कारण त्यातलं क्रोमियम सहज विरघळत नाही. म्हणून आधी परमँगनेट नावाचं रसायन देऊन क्रोमियम विरघळेल अशा रूपात आणायचं, मग ऑक्झॅलिक अॅसिडने उरलेलं लोखंड-निकेल सोडवायचं, आणि असे फेरे पुन्हा पुन्हा. हत्यारांसाठी अल्ट्रासॉनिक टाकी असते, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून घाण सुटी करणारी, किंवा इलेक्ट्रोपॉलिशिंग, ज्यात धातूचा अगदी पातळ थरच विजेने उतरवतात. कोरड्या बर्फाचा मारा मला सगळ्यात हुशार वाटतो, कारण उणे 78 अंशाचे ते कण आपटून घाण उडवतात आणि स्वतः वायू होऊन जातात, धुतलेलं पाणी उरतच नाही.

कारण यातलं काहीही किरणोत्सार मारत नाही, तो फक्त जागा बदलतो. पान्ह्यावरून पाण्यात, पाण्यातून रेझिनमध्ये, म्हणजे ते पाणी गाळून किरणोत्सारी द्रव्य धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांत, आणि ते रेझिन बहुतेकदा सिमेंटमध्ये घट्ट करून ड्रममध्ये. दहा रुपयांचं काम करायला शंभराचा कचरा व्हायचा अशी गत, म्हणून बऱ्याच ठिकाणी हत्यारांवर रंगाचा पट्टा मारून ती कायमची आतच ठेवतात, आणि लाकडी मुठीचं काही आत नेऊच देत नाहीत, लाकडात मुरलेलं कोण काढणार.