कोणतं जंगल आधी वाचवायचं? सातपुड्याच्या निमित्ताने एक गणित

एप्रिल-मे महिन्यात यावल-रावेरच्या केळीच्या बागांमधून उत्तरेकडे पाहिलं, तर सातपुडा तपकिरी आणि उघडाबोडका दिसतो. "तिथं आता जंगल राहिलंय कुठं?" असं जळगाव-धुळ्याकडची शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. सातपुड्यात तोड भरपूर झाली आहे, हे खरंच आहे. पण उन्हाळ्यातल्या रंगावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. साग, सालई, धावडा ही पानझडीची झाडं आहेत. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत हवेत जात असतं आणि पावसाळ्यानंतर जमिनीत ओल फार दिवस टिकत नाही. म्हणून ही झाडं पानंच टाकून देतात आणि जून येईपर्यंत तग धरतात. असं शुष्क पानझडी जंगल हेही अ‍ॅमेझॉनसारखंच उष्णकटिबंधीय जंगल आहे. किंबहुना, उष्ण प्रदेशातल्या प्रमुख जंगलप्रकारांत सर्वाधिक धोक्यात आहेत ती ही कोरडी जंगलं, असं डॅनियल जॅन्झेन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८८ मध्येच मांडलं होतं.

पैसा, माणसं आणि वेळ अपुरी असताना आधी कोणतं जंगल वाचवायचं? याचं एक गाजलेलं उत्तर पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी त्याच वर्षी दिलं. त्यांनी उष्णकटिबंधीय जंगलांचे दहा 'हॉटस्पॉट', म्हणजे आधी वाचवायचे प्रदेश, निवडले. २००० साली ही यादी २५ प्रदेशांची झाली आणि निकष ठरले दोन: जगात इतरत्र न सापडणाऱ्या किमान १,५०० वनस्पती-जाती तिथे हव्यात आणि मूळ वनस्पती-आच्छादनाचा किमान ७० टक्के भाग नष्ट झालेला हवा. पश्चिम घाट श्रीलंकेसह या यादीत आला, सातपुडा आला नाही. ही मोजपट्टी जगाच्या नकाशासाठी चांगली आहे. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवर मात्र ती थिटी पडते, कारण ती प्रत्येक प्रदेश सुटा मोजते.

इथे मला अतिशय आवडणारी कल्पना कामाला येते: पूरकता. समजा, आपल्याला सहा जाती वाचवायच्या आहेत आणि चार जंगलं आहेत. 'क'मध्ये १, २, ३, ४ या जाती आहेत. 'ख'मध्ये १, २, ५. 'ग'मध्ये ३, ४, ६. 'घ'मध्ये १, २, ३. सगळ्यात श्रीमंत 'क', म्हणून ते आधी घेतलं. आता 'घ'मध्ये तीन जाती असल्या तरी त्याने आपल्या यादीत काहीच भर पडत नाही. 'ख'मुळे ५ मिळते, 'ग'मुळे ६. म्हणजे दर वेळी विचारायचं ते एवढंच, की आधीच राखलेल्या जंगलांत हे जंगल नवीन काय घालतं?

या पद्धतीने आपण क, ख, ग अशी तीन जंगलं घेतली. पण जरा थांबून पाहा: ख आणि ग ही दोनच घेतली तरी सहाही जाती येतात! सगळ्यात श्रीमंत असलेल्या 'क'ची गरजच नव्हती. एकेक पायरीवर सर्वोत्तम निवड केली तरी शेवटची बेरीज सर्वोत्तम येतेच असं नाही. मग सगळे संच तपासावेत म्हटलं, तर चार जंगलांचे संच होतात १६ आणि चाळीस जंगलांचे १ लाख कोटींहून जास्त. म्हणून पूर्णांकी रेषीय नियोजनाची गणितं (प्रत्येक जंगल घेतलं तर १, नाही तर ० असं मांडून सर्वोत्तम संच शोधणारी) संगणकावर सोडवावी लागतात. त्यातून एक मौल्यवान आकडाही मिळतो, 'अपर्यायिता'. एखादं जंगल वगळलं तर उद्दिष्ट गाठण्याचे किती मार्ग बंद होतात, याचं ते माप आहे. जाती ५ फक्त 'ख'मध्ये आहे, म्हणून 'ख'ची अपर्यायिता शंभर टक्के.

खानदेशात जाती ५ च्या जागी रानपिंगळा ठेवा. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. मध्ये १९१४ चा एक नमुना गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदला गेला, पण तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातून चोरून, नवं लेबल लावलेला निघाला. पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ती खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांना दिवसाढवळ्या दिसला. त्या दिवशी सातपुड्याची अपर्यायिता एकदम वर गेली. जंगल होतं तेच, बदलली ती आपली यादी. पुढे मेळघाट, तानसा अशा ठिकाणीही तो सापडला आणि २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. हे गणित असं दर नोंदीगणिक पुन्हा मांडावं लागतं.

गणितात खर्चही धरतात, आणि खर्च म्हणजे नुसते रुपये नव्हेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या पावरा-भिल्ल कुटुंबांचा मोह, तेंदूपान आणि चराई या जंगलातच आहे. ते न धरता काढलेला नकाशा कागदावरच राहतो.

कोट्यवधी रोपं लावण्याच्या घोषणा मला पटत नाहीत, कारण रोपांच्या संख्येवरून यादीत नवीन काय आलं ते कळत नाही. रानपिंगळ्याला ढोलीसाठी जुनी झाडं लागतात आणि सरडे-उंदीर टिपायला विरळ, मोकळं रान. दाटीने लावलेल्या रोपांतून त्याला यातलं काहीच मिळत नाही.

घुबड अपशकुनी असतं, दिवाळीत त्याचा बळी दिला की धन मिळतं, या निव्वळ थापा आहेत, पण त्यांपायी आजही घुबडं पकडली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. तोरणमाळ, यावल, अनेर भागात रानपिंगळा दिसला, तर तारीख, ठिकाण आणि फोटो वनविभागाला किंवा पक्षीअभ्यासकांना जरूर द्या. पण घुबडं अशी पकडली जातात, म्हणून ढोलीचं नेमकं ठिकाण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.