तुडतुडा, रानकोंबड्याचं पीस आणि लेटॉर्टचे ट्राउट

कपाशीच्या पानामागे तिरपा तिरपा धावणारा हिरवट तुडतुडा विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दाखवून द्यावा लागत नाही. कृषी सल्ल्यांत त्यालाच ‘जॅसिड’ म्हणतात. याच कुळातल्या किड्यांवरून नाव पडलेली एक कृत्रिम माशी, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेली किड्याची नक्कल, १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बांधली गेली आणि भर उन्हाळ्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गरवण्याची रीत तिने बदलून टाकली. तिच्या पाठीवरचं पीस ज्या पक्ष्याचं, तो तर आपल्या सह्याद्रीतलाच.

किड्याची नक्कल करून मासा फसवणं फार जुनं. मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात, असं एलियन या रोमन लेखकाने इ. स. २००च्या सुमारास लिहून ठेवलंय. मात्र या कलेला काटेकोर शिस्त लावली ती इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये, टेस्ट नदीवर, फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी. १८८६ आणि १८८९च्या त्यांच्या पुस्तकांनी नियमच घालून दिला: पाण्यावर कोणता मेफ्लाय (पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारा नाजूक कीटक) निघालाय ते ओळखा, रंगासकट त्याची नक्कल बांधा आणि ती कोरडी, तरंगती, वर येऊन खाणाऱ्या माशासमोर टाका. पुढे १९१०मध्ये जी. ई. एम. स्क्यूज यांनी उत्तर दिलं, की ट्राउटचं बरंचसं खाणं पृष्ठभागाखाली चालतं, तेव्हा पाण्यातल्या अळ्यांचीही नक्कल करायला हवी. वाद बराच रंगला. पण पाण्यातच वाढणारे कीटक हाच दोघांच्याही विचाराचा गाभा होता. काठच्या गवतातल्या किड्यांना त्यात फारशी जागा नव्हती.

ही उणीव उघडी पडली ती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या लेटॉर्ट ओढ्यावर. चुनखडीतल्या झऱ्यांमुळे त्याचं पाणी उन्हाळ्यातही थंड राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरातल्या साध्या ओढ्यांचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जातं, तेव्हा ट्राउट खाणं कमी करतात. अशा पाण्यात गळाला लागून दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा मरतो, म्हणून त्या दिवसांत तिथे गरवूच नये. लेटॉर्टवर ही अडचण नाही, मासे दुपारीही खात राहतात. प्रश्न होता तो हा, की खातात काय? हवेत मेफ्लाय दिसत नसे आणि नेहमीच्या माश्यांना मासे ढुंकून बघत नसत.

व्हिन्सेंट मरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या पेनसिल्व्हेनियातल्याच दोघा गरवणाऱ्यांनी काठावर पालथं पडून, डोळे पाण्याजवळ नेऊन पाहिलं, बारीक जाळी लावून वाहून येणारं गाळून घेतलं. हाती लागल्या चिमुकल्या मुंग्या, भुंगेरे आणि तुडतुडे. पृष्ठभागाला चिकटून वाहत असल्यामुळे उभ्या माणसाला ते दिसतच नव्हते.

मरिनारोंचं खरं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. मासा वर बघतो तेव्हा बाहेरचं जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. १५ सेंटीमीटर खोलीवरच्या माशाला डोक्यावर जेमतेम ३४ सेंटीमीटर व्यासाची गोल खिडकी मिळते. तिच्यातून तो किडा बघतो तो खालून, उजेडाच्या विरुद्ध. म्हणजे किड्याची जाडी त्याच्या लेखी नसल्यात जमा, दिसते ती बाह्याकृती आणि तिचा अपारदर्शकपणा. तेव्हा नक्कल चपटी असली तरी चालेल, पण गडद आणि रुंदीला बरोबर हवी. १९५०च्या पुस्तकात त्यांनी हा विचार मांडला आणि सोबत ‘जॅसिड’ माशीही दिली.

बांधणी सोपी वाटते, पण हात बसायला वेळ लागतो. गळ २० किंवा २२ नंबरचा (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), २० नंबरची दांडी सुमारे पाच मिलिमीटर. दांडीवर बारीक रेशमाचा एकच थर द्यायचा, तेच शरीर. आखूड केसांचं कोंबड्याचं पीस मागून पुढे तीन-चार वेढ्यांत फिरवायचं आणि वरचे-खालचे केस कापून फक्त बाजूचे ठेवायचे, म्हणजे माशी पाण्याला टेकून बसते. शेवटी रानकोंबड्याचं एक ‘डोळ्याचं’ पीस पाठीवर आडवं, सपाट बांधायचं. ते जरा जरी तिरकं बसलं, तर फेकताना माशी भिंगरीसारखी फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो. पीस उभं चिरतं, म्हणून आधी खालून पातळ लॅकरचा थेंब लावून वाळवावं. डोक्याशी वेढे जास्त झाले तर गळाचं नाक, म्हणजे दोरा ओवायचं भोकच, बुजतं. दोऱ्याचं टोक ७एक्स, म्हणजे सुमारे ०.१० मिलिमीटर. एवढा बारीक दोरा हिसक्याने तुटतो, म्हणून मासा लागला की काठी नुसती उचलायची. आणि दोरी ताणलेली राहिली तर प्रवाह माशीला ओढून पाण्यावर रेघ उमटवतो. लेटॉर्टच्या संथ पाण्यात तेवढ्या रेघेनेही मासा सावध होतो.

ते पीस राखाडी रानकोंबड्याच्या नराचं, मानेवरचं. त्याची दांडी टोकाशी चपटी होऊन मेणासारखा चकचकीत, पिवळट-पांढरा ठिपका बनतो. व्हिक्टोरियन काळात सॅमन मासे गरवायला बांधल्या जाणाऱ्या कृत्रिम माश्यांमुळे या पिसांना इंग्लंडमध्ये आधीपासून मागणी होती आणि त्यासाठी जंगलातले पक्षी मारले जात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिलं, आणि ते आवश्यकच होतं. राधानगरी किंवा आंबोलीच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ऐकलेल्या कुणालाही ते वेगळं पटवावं लागणार नाही. आता परदेशात विकली जाणारी कायदेशीर पिसं पाळलेल्या पक्ष्यांची असतात.

मरिनारोंनी मोठ्या जपानी भुंगेऱ्यासाठी कॉफीची बीसुद्धा गळावर चिकटवून पाहिली होती. नाकतोड्यासाठी लेटॉर्टवरच गरवणाऱ्या एड शेंक यांनी पिवळं शरीर, वर टर्कीचा सपाट पंख आणि हरणाच्या केसांचं डोकं असा लेटॉर्ट हॉपर बांधला. आज मुंग्या-भुंगेऱ्यांच्या पाठीवर बहुतेक ठिकाणी काळ्या फोमची पट्टी असते. ती स्वस्त, न बुडणारी, आणि खालून बघणाऱ्या माशासाठी पुरेशी गडद.